घोंगडीखालचा उजेड

रुपाली करगळ काय शिकते, हे ती समोरच्याचं तोंड बघून सांगायची. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईला सांगायची, "पुण्यात शिकते." नात्यातल्या माणसांना, "केमिस्ट्रीत पीएच.डी." आणि वडिलांनी विचारलं की म्हणायची, "आबा, घाणेरी खाल्लेली मेंढरं उन्हात का जळत्यात, ते बघते."

यातलं वडिलांना दिलेलं उत्तर सगळ्यांत खरं होतं.

करगळांचं घर अवसरी खुर्दच्या बाहेर माळावर आहे, पण ते पावसाळ्यापुरतं. दिवाळी उरकली की भिमा करगळ आणि सखूबाई घोडीवर बिऱ्हाड लादतात आणि मेंढरं घेऊन निघतात. सोबत भावकीतली आणखी दोन-तीन कुटुंबं असतात. या सगळ्यांचा मिळून जो तळ पडतो त्याला ते वाडा म्हणतात. वाडा नारायणगाव, ओतूर करत मढला येतो, तिथं भाताच्या मोकळ्या खाचरांत मुक्काम करतो आणि मग माळशेज उतरून कोकणात जातो. रुपाली शाळेसाठी नारायणगावला मावशीकडं राहिली. सुट्टी लागली की ती रस्त्यात कुठंतरी वाड्याला गाठायची. वाडा कुठं आहे हे तिला कुणी कळवत नसे. मावशीचा नवरा टोमॅटो घेऊन आलेल्या गाडीवाल्यांना विचारायचा, "काय राव, वाटंला मेंढरं दिसली का?" आणि पत्ता लागायचा.

अशाच एका दिवाळीच्या सुट्टीत, मढच्या मुक्कामी, तिनं पहिल्यांदा जळालेली मेंढी पाहिली. त्या साली गवत कमी होतं. वाटेच्या कडेला घाणेरीची झुडपं मात्र माजली होती, रानभर त्यांची पिवळी-गुलाबी फुलं. भुकेल्या कळपानं ती ओरबाडली. दोन दिवसांनी एका पांढऱ्या मेंढीचे कान सुजून लोंबायला लागले. पापण्या मिटल्या. नाकावरची कातडी वाळली, तडकली आणि सालपटासारखी सुटायला लागली. घाणेरी काळ्या मेंढरांनीही खाल्ली होती. तीही मलूल झाली, पण त्यांची कातडी जागेवर राहिली.

"पांढरीच का जळाली?" रुपालीनं विचारलं होतं.

"घाणेरी पोटात गेली की ऊन जनावराला शोधत येतं," भिमा म्हणाला. "आन् पांढरं जनावर लांबून दिसतं."

त्यानं मेंढीला बाभळीखाली बांधलं आणि तोंडापासून शेपटीपर्यंत काळी घोंगडी पांघरली. वाडवडिलांपासून हेच चालत आलेलं. घोंगडीखाली अंधार, आणि अंधारात ऊन शिरत नाही. तरी मेंढी मेली. भिमा बराच वेळ तिथंच बसून होता. झाकायला आपण उशीर केला, असं तो पुढं कितीतरी वर्षं बोलून दाखवायचा.

एम.एस्सी.च्या वर्गात उज्ज्वला पानसरे मॅडम प्रकाशामुळं होणाऱ्या रासायनिक क्रिया शिकवत होत्या, तेव्हा रुपालीला त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. पानातला हिरवा रंग मेंढीच्या पोटात गेला की त्याचा एक वेगळाच पदार्थ होतो. त्याचं नाव फायलोएरिथ्रिन. निरोगी मेंढीचं लिव्हर तो पित्तातून बाहेर टाकतं, आणि कुणाला पत्ताही लागत नाही. घाणेरी लिव्हर बिघडवते. मग तो पदार्थ रक्तात साठतो, रक्तातून कातडीत येतो. कातडीवर उजेड पडला की त्याचे रेणू जागे होतात आणि स्वतःकडची ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देऊन टाकतात. तो चेकाळलेला ऑक्सिजन कातडीतल्या चरबीचे लचके तोडतो. काळ्या लोकरीच्या आणि काळ्या कातडीच्या जनावरात उजेड आतवर पोचतच नाही.

तास संपल्यावर रुपाली मॅडमपाशी गेली. "आमच्याकडं अशी मेंढी मेली होती."

मॅडम मूळच्या जुन्नरकडच्याच. त्यांनी वहीतून डोकं वर काढलं. "मग त्याच्यावर काम कर की. लेझर आहे आपल्याकडं. मेंढी मात्र आणू नकोस."

पीएच.डी.ला रुपालीनं तेच काम घेतलं. लेझरची खोली तळघरात होती. आत नारिंगी काचांचे चष्मे लावून वावरायचं. लेझरचा एक झटका म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागापुरता उजेड. पापणी लवते तेवढ्यात असे कोट्यवधी झटके मावतील. हा झटका चौकोनी काचनळीतल्या द्रावणावर पडला की त्यातले रेणू जागे व्हायचे. जाग्या रेणूंचा रंग झोपलेल्या रेणूंहून निराळा असतो. दुसरा एक साधा दिवा नळीतून आरपार बघत राहायचा आणि रंगातला बदल पडद्यावर एका रेघेनं दाखवायचा. रेघ एकदम वर चढायची, मग उतरत उतरत तळाला टेकायची. रेघ टेकली की समजायचं, रेणू पुन्हा झोपले. द्रावणात हवा असेल तर ऑक्सिजन ऊर्जा हिसकावून घ्यायचा आणि रेघ धाडकन कोसळायची. नायट्रोजनचे बुडबुडे सोडून हवा हाकलली तर ती जरा रेंगाळायची. पण रेंगाळून किती रेंगाळणार? सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत सगळं सामसूम.

रुपालीला ती रेघ आवडायची. ज्या गोष्टीला भिमा "ऊन शोधत येतं" म्हणायचा, तिची चाल आता तिला डोळ्यांनी दिसत होती.

पण मॅडम म्हणाल्या, "लेझर तुला एका रेणूचं सांगतो. कातडीत पुढं तासन्तास काय होतं, तेही बघायला हवं." म्हणून दुसरा प्रयोग सुरू झाला. छोट्या बाटल्यांत तो पदार्थ आणि थोडी चरबी घ्यायची, त्यांना लेझरचा उजेड द्यायचा, मग बाटल्या अंधारात ठेवायच्या आणि तासातासानं थेंब काढून चरबी किती नासली ते मोजायचं.

लेझरच्या खोलीत दुसऱ्या कुणाचं तरी काम सतत चालू असायचं. त्यामुळं बाटल्या शेजारच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर ठेवाव्या लागत. बाटल्यांना ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळायची पद्धत होती. पण दर तासाला ती उलगडायची, पुन्हा गुंडाळायची. फॉइल फाटायची, सुटायची. रुपालीला त्याचा वैताग आला. पावसाळ्यात घरी गेली तेव्हा तिनं घोंगडीचा एक तुकडा आणला. काळ्या लोकरीची, चिंचोक्याची खळ देऊन घट्ट केलेली, पाऊस झेलणारी घोंगडी. बाटल्यांच्या चौकटीवर तो तुकडा दुहेरी टाकला की झालं.

तिच्यासोबत काम करणारा सार्थक नारायणगावच्या द्राक्षवाल्यांच्या घरातला. तो आत आला आणि नाक धरून उभा राहिला.

"रुपे, लॅबला बोकडाचा वास यायला लागलाय, राव."

"बोकडाचा न्हाई, मेंढीचा. तुमच्या द्राक्षांवरच्या औषधापेक्षा बरा हाय."

"मी काय म्हणतो, लेझरला पण एक फेटा बांध. म्हणजे वाडा पुरा झाला."

घोंगडीखालच्या त्या बाटल्यांनी तिला चकित केलं. लेझरचा उजेड बंद करून तास उलटले, तरी चरबी नासतच होती. हळूहळू, पण न थांबता. ज्या बाटल्यांत नुसती चरबी होती, त्या तशाच राहिल्या. म्हणजे नासाडी त्या पदार्थामुळंच होती, आणि ती अंधारातही चालू होती.

"लेझर म्हणतोय रेणू लगेच झोपले," मॅडम म्हणाल्या. "मग अंधारात काम कोण करतंय?"

रुपालीचं उत्तर तयार होतं. "एक नासका आंबा अढी नासवतो, तसं असेल मॅडम. उजेडात जी चरबी नासली ती पुढच्या चरबीला नासवत जातेय. आता उजेडाची गरजच उरली नाही."

मॅडमनी रेघांकडं पाहिलं, आकड्यांकडं पाहिलं. "होतं असं काही पदार्थांत," त्या म्हणाल्या. "लिहायला घे."

त्या रात्रीच्या फोनवर रुपालीनं वडिलांना सांगितलं, "आबा, एक कळलंय. एकदा का ऊन लागलं, की मग मेंढरू अंधारात ठेवूनबी भागत न्हाई. आतलं जळणं चालूच राहतंय."

पलीकडून भिमानं विचारलं, "म्हंजी झाकलं काय आन् न झाकलं काय, सारखंच?"

"तसंच दिसतंय."

"मंग ती मढातली पांढरी..."

"ती कशीबी मेलीच असती, आबा. तुमी उशीर केला म्हणून न्हाई."

मागून सखूबाईचा आवाज आला, "काय म्हनती पोर?" आणि भिमा तिला म्हणाला, "माझ्या डोक्यावरचं वझं उतरिवलं तिनं." रुपालीलाही त्या दिवशी हलकं वाटलं. शिकल्याचा घरच्यांना झालेला हा पहिलाच उपयोग, असं तिला वाटून गेलं.

दिवाळी झाली, वाडा निघाला. रुपाली पेपर लिहीत होती. एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. मढच्या चहाच्या टपरीवरून भिमा बोलत होता.

"तीन मेंढरांनी घाणेरी खाल्ली. पांढरीच हायती तिन्ही. कान सुजल्यात. डाक्टर सुई टोचून गेला, म्हनला सावलीत ठेवा. पन तू म्हनलीस ना, उपेग न्हाई त्याचा?"

"एकदा जळायला लागल्यावर न्हाई, आबा."

"वाडा परवा घाट उतरनार. ह्यांच्यापायी आमाला थांबता येत न्हाई. थांबून जगणार असती तर कायतरी केलं असतं. मंग खाटकालाच देतो. बाजारला येनार हाय तो."

"बरं," रुपाली म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती पेपरकडं वळली. आपलंच वाक्य समोर होतं : प्रकाश थांबल्यावरही क्रिया अंधारात चालू राहते. काल ते वाक्य नीट बसलं होतं. आज त्याच्यावर तीन मेंढ्या खाटकाकडं चालल्या होत्या. तिनं लेझरची जुनी रेघ उघडली. चढली, उतरली, टेकली. रेघेत काही खोट नव्हती. शेकडो वेळा ती तशीच आली होती. रेघ म्हणत होती झोपले, बाटल्या म्हणत होत्या जागे आहेत, आणि आपण मोठी बातमी सांगणाऱ्या बाटल्यांवर विश्वास ठेवला. अढी नासायची म्हटली तरी तिचाही जोर हळूहळू ओसरायला हवा. इथं तो ओसरत नव्हता. दुपारी तर वाढत होता आणि संध्याकाळी मंदावत होता. दुपार झालेली बाटल्यांना कशी कळते?

ती शेजारच्या खोलीत गेली. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. तिनं बाटल्या बाजूला काढल्या, खुर्ची ओढली, आणि घोंगडीचा तो तुकडा स्वतःच्या डोक्यावरून घेऊन टेबलावर वाकली.

सार्थक दारात आला. "काय गं? थंडी वाजतीय, का मेंढरं हाकायला निघालीस?"

ती हलली नाही.

"रुपे?"

"बोलू नको. डोळं अंधाराला सरावू दे."

आधी काळोखच होता. मग विणीतून उजेडाचे कण उमटायला लागले. आणि त्या कणांच्या मागं सगळीकडं, लोकरीच्या धाग्याधाग्यातून, एक तांबूस उजेड पाझरत होता. निवत आलेल्या चुलीसारखा. हा उजेड तिला ओळखीचा होता. लहानपणी भर दुपारी वाड्यावर आईच्या शेजारी घोंगडी पांघरून पडलं की हाच तर दिसायचा. त्यालाच ते अंधार म्हणायचे. माणसाला झोप यायला तेवढा अंधार पुरतो.

काळी लोकर निळा उजेड गिळते, हिरवा गिळते. लाल मात्र थोडा सुटतो. आणि तो पदार्थ पानाच्या हिरव्या रंगातून जन्मलेला. लाल उजेड त्याला चांगलाच मानवतो. घोंगडीखाली ठेवलेल्या बाटल्या दिवसभर मंद आचेवर ठेवल्यासारख्या शिजत होत्या.

तिनं घोंगडी डोक्यावरून काढली. केस विस्कटले होते, कपाळावर लोकरीचे तंतू चिकटले होते.

"सार्थक, तुझ्याकडं स्टीलचा डबा हाय का? झाकण घट्ट बसणारा."

"माझ्या जेवणाचा आहे. त्यात भाजी आहे."

"खा लवकर."

जेवणाच्या डब्याला आतून फॉइल लावून तिनं नव्या बाटल्या ठेवल्या आणि तळघरातल्या कपाटात डबा बंद केला. तेवढ्याच बाटल्या घोंगडीखाली खिडकीशी ठेवल्या. या वेळी तिनं आणखी एक गोष्ट केली, जी पहिल्याच दिवशी करायला हवी होती : लेझर अजिबात न दाखवलेल्या काही बाटल्याही घोंगडीखाली ठेवल्या. संध्याकाळपर्यंत उत्तर आलं. डब्यातली चरबी जवळपास होती तशीच होती. घोंगडीखाली मात्र सगळ्याच बाटल्या नासल्या होत्या. ज्यांनी लेझर पाहिलाही नव्हता, त्यासुद्धा.

मॅडम घरी निघण्याच्या तयारीत होत्या. रुपालीनं सगळं सांगितलं. त्या पर्स खांद्याला लावूनच ऐकत राहिल्या, मग बसल्या.

"लेझर न दाखवलेल्या बाटल्या तू आधी ठेवल्याच नव्हत्यास?"

"नाही."

"का?"

रुपालीला खरं कारण तेव्हाच उमगलं, आणि ते सांगताना तिचा आवाज बारीक झाला. "न जळालेल्या मेंढीवर आमच्याकडं कुणी घोंगडी टाकत नाही मॅडम. डोक्यातच आलं नाही."

मॅडमच्या आवाजात राग होताच. "आणि मी? इतके महिने ती घोंगडी बघतेय. मला कौतुक वाटत होतं, पोरगी घरची वस्तू वापरते म्हणून. एकदा हात लावून उजेडाला धरून बघितली नाही." त्यांनी पर्स टेबलावर ठेवली. "पेपर थांबला. ते प्रकरण प्रबंधातून काढ. आता उरतं ते साधंच आहे : उजेड थांबला की क्रिया थांबते. याच्यावर कुणी टाळ्या वाजवणार नाही."

"मला उद्या मढला जायचंय."

"उद्याच?"

"वडिलांनी माझ्या सांगण्यावरून मेंढ्या खाटकाला द्यायच्या ठरवल्यात."

मॅडम लगेच म्हणाल्या, "फोन कर आधी."

भिमाचा फोन लागत नव्हता. टपरीच्या नंबरवर कुणीतरी म्हणालं, "वाडा तिकडं खाचरात हाय पावणं, लांब हाय. निरोप दिऊ का?" रुपालीनं निरोप दिला : मेंढरं देऊ नका, मी येते. पण असा निरोप टपरीवरून खाचरापर्यंत पोचेलच, याची खात्री नव्हती.

पहाटेच्या एसटीनं ती आळेफाट्याला उतरली. तिथून कल्याणची गाडी धरून मढ. रस्त्यापासून लांब, आतल्या खाचरांत भात कापून झाला होता. खुंटांवर मेंढरं पसरली होती. हा सगळा तुकडा सावळेरामचा. तो तिथला भातवाला, डोंगरातलाच माणूस. दर साली वाडा त्याच्या रानात बसायचा. त्याला खत मिळायचं, वाड्याला जागा.

घोडी बांधलेली होती, सामान आवळलं जात होतं. सखूबाईनं तिला आधी पाहिलं. "अगं बया! आज कुठली सुट्टी?"

"आबा कुठं हायत?"

भिमा जाळीच्या कुंपणाशी उभा होता. त्याच्याजवळ दोनच मेंढ्या होत्या. उघड्यावर, उन्हात. एकीचे डोळे पूर्ण मिटले होते.

"तिसरी?"

"गेली. सकाळीच खाटीक हितवर आला. ह्या दोन बाजारात आनून दे म्हनला."

रुपाली तिथंच खाली बसली. टपरीवरचा निरोप पोचला का, हे विचारायची गरज नव्हती.

"आबा, मी सांगितलेलं चुकीचं व्हतं."

भिमानं हातातली काठी जमिनीवर टेकवली. "कंचं?"

"अंधाराचं. अंधारात थांबतं ते. खऱ्या अंधारात. आपण घोंगडी टाकतो त्यो अंधार न्हाईच. तिच्यातनं लाल उजेड आत जातोय, आन् ह्या दुखण्याला त्योच पुरतो. मी प्रयोगालाबी घोंगडीच वापरली. म्हणून चुकलं."

भिमानं उरलेल्या दोघींकडं पाहिलं. मग म्हणाला, "तू बोललीस म्हनून दिली मी ती."

"व्हय."

"न्हाईतर झाकून ठिवली असती."

"घोंगडीनं. आन् तरी जळाली असती." हे बोलताना तिला ते नुसतंच खरं वाटलं, दिलासा देणारं नाही. भिमालाही ते लागलं. त्यानं मान वळवली. मढातली ती जुनी पांढरी त्याला दिसत असावी. त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरवणारी ही लेकच, आणि पुन्हा ठेवणारीही हीच. पण ते आता पहिल्यासारखं नव्हतं. उशीर झाला नव्हता. घोंगडीच पातळ होती.

वाड्यातला सगळ्यांत म्हातारा कुशाबा घोडीचा पट्टा आवळत ऐकत होता. तो म्हणाला, "भिमा, पोरगी चुकली म्हनून तोंड नको पाडू. चुकत नसती तर शिकायला कशाला गेली असती? घरीच बसली असती, आपल्यावानी."

"तुमी गप बसा, आजा," सखूबाई म्हणाली, पण तिला हसू आलं.

"आता काय करायचं, ते सांग," भिमा रुपालीला म्हणाला. आवाज कोरडा होता.

"ह्या दोघींना बंद खोलीत ठेवायचं. भिंतीला फट नको, दाराला फट नको. हिरवं एक पान द्यायचं न्हाई, त्या हिरव्यातनंच त्यो पदार्थ व्हतो. वाळका पेंढा आन् पाणी. डॉक्टरची सुई चालू ठेवायची."

"आन् मंग जगत्यात?"

"ठाऊक न्हाई. अंधार काय औषध न्हाई, आबा. लिव्हर सुधारलं तरच सुधारणार. अंधारानं तेवढा वेळ मिळतोय."

"वाडा उद्या घाट उतरनार. मी थांबलो तर कळप कोन बघनार? तुझी आय एकली..."

"मी थांबते."

"तुझं कालेज?"

"सांगून आलेय."

"आन् मेल्या तर?"

"तर मेल्या. पन उजेडानं न्हाई मरायच्या."

भिमानं तिच्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. मग सावळेरामला हाक मारली.

सावळेरामचा जुना गोठा घरामागं होता. कुडाच्या भिंती, वर कौलं. बैल विकल्यापासून तिथं पेंढा रचलेला. सावळेराम दार उघडत म्हणाला, "अंधार पायजे तर आमच्याकडं लई हाय. लाईटच टिकत न्हाई." त्याची बायको सुंदरा शेण-मातीचा काला घेऊन आली. कौलांच्या मधून, कुडाच्या काड्यांतून, दाराच्या चौकटीतून उन्हाच्या बारीक काड्या आत शिरल्या होत्या. धुळीत त्या स्पष्ट दिसत होत्या. रुपाली आणि सुंदरा एकेक काडी शोधून बुजवत गेल्या. खालच्या फटी शेणमातीनं, वरच्या पेंढ्याच्या जुड्यांनी.

"एवढा उजेड लागतोय व्हय मेंढराला?" सुंदरा विचारायची.

"एवढाबी लागतोय."

"नाजूक हायत बाई तुमची जनावरं."

भिमा येऊन दारात उभा राहिला. मग आत गेला, दार ओढून घेतलं. बऱ्याच वेळानं बाहेर आला. "कोपऱ्यात खाली, उंदराच्या बिळाजवळ येतोय अजून," म्हणाला आणि स्वतःच चिखलाचा गोळा घेऊन आत वाकला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना वाडा निघाला. सखूबाईनं लेकीला भाकरीचं पीठ आणि मिरचीचा ठेचा दिला. "अंधारात बसून डोळं घालवू नको," म्हणाली. भिमानं कळप पुढं काढल्यावर एकदा वळून गोठ्याच्या दाराकडं बघितलं, एवढंच.

मग रुपालीचे दिवस गोठ्यात जाऊ लागले. आत हात हाताला दिसायचा नाही. तिला मेंढ्या ऐकू यायच्या : श्वास, खुरांचा घासणारा आवाज, कधी दातांची करकर. सूर्य मावळून अंधार पडला की ती दार उघडायची, विजेरीच्या उजेडात घाईनं कान आणि नाक तपासायची, पाणी बदलायची. विजेरीला तिनं दोन-तीन पदरी फडकं बांधलं होतं. डॉक्टर आले की तेही संध्याकाळनंतर. त्यांची आधी कुरकुर, मग त्यांनाच उत्सुकता. प्रयोगशाळेत तिनं हाच पदार्थ वर्षानुवर्षं हाताळला होता, तोलून, मोजून, काचेच्या आत ठेवून. इथं तो दोन आजारी जिवांच्या अंगात होता आणि तो किती उरलाय हे मोजायला तिच्याकडं काहीच नव्हतं. फक्त वाट बघायची. मॅडमचा एकदा मेसेज आला : "लेझर न दाखवलेल्या बाटल्यांचे आकडे सार्थकनं पुन्हा घेतले. तेच येतात. तू तिकडंच थांब."

चौथ्या-पाचव्या दिवशी, मिटलेल्या डोळ्यांची मेंढी पडून राहिली. पाणी घेईना. पुढच्या संध्याकाळी ती गेली. रुपालीनं विजेरी धरून तिची कातडी बोटाबोटानं तपासली. जुन्या जखमांच्या कडा कोरड्या पडल्या होत्या. नवी जखम कुठंच नव्हती. सावळेरामनं खड्डा खणून दिला.

दुसरी मात्र उभी होती. एका रात्री तिनं भिंतीत खोचलेली पेंढ्याची जुडी ओढून खाल्ली. सकाळी तिथून उन्हाची काडी आत आलेली बघून रुपाली तिच्यावर ओरडली, शिव्या दिल्या, आणि मग दारात बसून रडली. सुंदरानं विचारलं, "आता काय झालं?" तर म्हणाली, "खायला लागली."

रेंज रस्त्यावरच्या टपरीपाशीच यायची. दुपारी ती तिथं उभी असताना भिमाचा फोन आला. वाडा घाट उतरून कुणाच्यातरी रानात बसला होता.

"किती राहिल्या?"

"एक."

"दुसरी कशानं गेली?"

"आतनं गेली, आबा. लिव्हरनं. नवी जखम न्हाई अंगावर. सगळं तपासलं मी."

"कान बघितलं? कानाच्या मागं?"

"बघितलं."

पलीकडं मेंढरांचा गलका होता, कुशाबा कुणावर तरी खेकसत होता. "उजेडानं न्हाई मेली म्हनायची."

"न्हाई."

"मंग सावळेरामला इचार, फुडच्या सालीबी त्यो गोठा मोकळा ठिवतो का. लागला तर लागला. आन् ती कुडाची भिंत जरा चांगली लिपून घ्यायला पायजे, मी यीन तवा लिपीन."

"सांगते. पन आबा, मुळात घाणेरी खाऊ दिऊ नका ना त्यांना."

"ते मला काय सांगतीस?" भिमा म्हणाला. "तुझ्यापाशी बांधलीय ना एक, तिला सांग."